पालथी काहील

चिपाडाला वास असतो. उसाचा रस काढून घेतला की मागं जो चोथा राहतो ते चिपाड. ओलं असताना गोडसर वास येतो, दोन दिवस पडलं की जरा आंबूस होतं, आणि कडक वाळलं की नुसता उन्हाचा वास उरतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तीस वर्षं मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. यंदा दिवाळी झाली, कारखान्यांचे भोंगे वाजले, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यांवर डुलायला लागल्या, आणि एका रसवंतीसमोरून जाताना तो वास नाकात शिरला. हातात भाजीची पिशवी घेऊन मी तिथंच उभी राहिले. रसवाला म्हणाला, "काय मावशी, फुल का हाफ?" म्हटलं, "काही नको. वास घेतेय जरा." त्यानं माझ्याकडं काळजीनं बघितलं.

आमचं गाव हातकणंगल्यापासून सायकलच्या अंतरावर. घर जैन शेतकऱ्याचं. फार मोठं नव्हे, पण मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ होतं आणि त्याचा आम्हा पोरांना भारी ताठा होता. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो, आईला अव्वा म्हणायचो. थंडी पडायला लागली की चरक फिरू लागायचा, चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी भट्टी, पेटायचं आणि त्यावर काहील चढायची. काहील म्हणजे रस उकळायची पसरट लोखंडी कढई. आमची एवढी मोठी होती की मी आणि माझा धाकटा भाऊ हंगामाआधी आत आडवे पडून बघायचो. पाय कधी दुसऱ्या टोकाला पोचले नाहीत.

शाळा सुटली की दप्तर फेकून मळ्याकडं पळायचं. गणूमामा आमचे गुळवे. गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या, आणि हंगामात त्याचा शब्द आप्पाही मोडत नसत. ते रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळत बसायचे. पाण्याला शेंबडासारखी तार सुटायची. ते पाणी उकळत्या रसात ओतलं की सगळी घाण मळी होऊन वर यायची आणि गणूमामा झाऱ्यानं ती कडेला ओढायचे. मग रस पिवळा पडत जायचा, बुडबुडे जाड व्हायचे, आणि मामा कढत पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वाजवून बघायचे. तोवर आम्ही पानावर काकवी घेऊन फुंकर मारत बसलेलो. दम कुणाला असायचा? जीभ भाजायचीच. अजून त्या दिवसांची आठवण आली की जिभेचं टोक आपोआप मागं सरतं.

आणि त्या सगळ्या पसाऱ्यात वाया काही जात नव्हतं. चिपाड वाळवून चुलवाणात जायचं, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर शिजायचा. राख भांड्यांना, उरलेली रानाला. मळी खतात. हिरवे शेंडे म्हशींना. पुढं मी वर्गात 'टाकाऊपासून टिकाऊ' शिकवायची आणि मुलं त्यासाठी दुकानातून नवाकोरा थर्माकोल विकत आणायची. तेव्हा मला अव्वाची हमखास आठवण व्हायची. टाकाऊ म्हणजे काय, हे तिला समजावून सांगणं जड गेलं असतं.

फक्त पाचटाला कुणी वाली नव्हता. ऊस तुटून गेला की वाळक्या पानांचा गुडघाभर थर रानात पडून राहतो, ते पाचट. गुरं तोंड लावत नाहीत, चुलीत घालावं तर भसकन पेटतं आणि विझतं. त्यामुळं सगळा गाव एकच करायचा आणि अजूनही बराच गाव तेच करतो. ऊस तुटला की चार-आठ दिवसांत काडी लावायची. त्या दिवसांत संध्याकाळी चहूकडं धूर असायचा, दोरीवरच्या कपड्यांवर काळी कुसळं बसायची, आणि एरवी पश्चिमेला स्वच्छ दिसणारा पन्हाळा आठ-आठ दिवस गायब व्हायचा.

आप्पा काडी लावू द्यायचे नाहीत. "त्यात जीव हाईत," एवढंच म्हणायचे, आणि वाद तिथं संपायचा. मग घरातल्या सगळ्यांनी वाकून ते पाचट हातानं ओढायचं आणि एक आड एक सरीत दाबत जायचं. आज शेतीखात्याची माणसं हेच गावोगाव सांगत फिरतात, पण तेव्हा शेजारचे बांधावर उभं राहून हसायचे. "काय आप्पा, उंदरांस्नी अंथरूण घालालाय व्हय?" आप्पा मान वर न करता म्हणायचे, "त्येंच्या मागं धामण हाय की माझी." आणि खरंच होती. हातभर... नाही, खोटं कशाला, चांगली दोन हात लांब, पिवळसर. बांधाच्या कडेला पाचटात राहायची. आप्पा तिच्याबद्दल घरातल्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पाचटाच्या पानाची कड करवतीची असते. हात, मनगटं, गळा, सगळीकडं बारीक ओरखडे उठायचे आणि घाम लागला की चरचरायचे. वर्गात मला 'पाचटाची पोरगी' म्हणायचे. मी आठवीत होते आणि त्या जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला शेतकरी नाचात मला पुढच्या ओळीत घेतलं होतं. सरावाच्या वेळी बाईंनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "अगं काय हे हात! पुढं उभी राहणार ना तू?" शेतकऱ्याच्या नाचाला शेतकऱ्याचे हात चालत नव्हते. आज हसू येतं. त्या दिवशी मी विहिरीमागं जाऊन रडले होते.

शनिवारची सकाळची शाळा होती. दुपारी घरी आले तर अव्वा म्हणाली, "जेव आणि मळ्यात जा. तुझ्या सऱ्या राहिल्यात." अर्धं रान बाकी होतं. पुढच्या शनिवारी गॅदरिंग. मी मळ्यात गेले, सरीत न जाता गुऱ्हाळावर गेले आणि चुलवाणाच्या तोंडातून फावड्यावर चार निखारे घेतले. कुणी काही विचारलं नाही, कारण ओले हरभरे भाजायला पोरं विस्तव न्यायचीच. ते निखारे मी रानाच्या कोपऱ्यात, माझ्या वाट्याच्या सऱ्यांवर ठेवले. माझ्या डोक्यात हिशेब अगदी सोपा होता. माझ्या सऱ्या जळतील, बाकीच्या राहतील, आणि मी मोकळी.

वाऱ्याला हा हिशेब ठाऊक नव्हता. पाचट पेटतं तेव्हा आधी आवाज होतो, कुणीतरी कागद फाडत पळत सुटल्याचा. मी मागं वळेपर्यंत रान पेटलं होतं. मग गुऱ्हाळाशेजारची वाळत घातलेली चिपाडाची गंज पेटली. गणूमामा, आप्पा, गडी, सगळे ओली पोती घेऊन धावले. माणसाला कुणाला इजा झाली नाही. पण काहिलीजवळ कुणी उरलं नव्हतं. आतला पाक करपून काळा झाला, आणि त्या करपल्या गुळाचा वास चार दिवस मळ्यावरून हलला नाही.

आग विझल्यावर आप्पा राखेतून चालत गेले. आम्ही बांधावर उभे होतो. ते मध्येच खाली बसले. त्यांना धामण सापडली होती. आजूबाजूला गोगलगायींचे शंख पांढरेफटक होऊन पडले होते, शेकड्यांनी. आप्पांनी तिथंच फावड्यानं खड्डा केला. मग परत येऊन गुऱ्हाळाच्या धुराड्याकडं वर बघत उभे राहिले आणि अव्वाला म्हणाले, "ठिणगी हितनंच गेली असणार. माझ्या गुळापायी एवढं जीव गेलं."

मी तिथंच होते. दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

आप्पांनी तीन उपवास केले. तिसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात जाऊन नेम घेतला की यापुढं त्या चुलवाणात विस्तव नाही. हंगाम अर्ध्यात थांबला. गणूमामा आपला झारा पोत्यात गुंडाळून दुसऱ्या गावच्या गुऱ्हाळावर गेले. जाताना माझ्या हातात काकवीची छोटी बरणी ठेवली आणि म्हणाले, "खा पोरी, पुन्हा कवा मिळंल." काहील चौघांनी उचलून अंगणात आणली आणि पाणी साठू नये म्हणून पालथी घातली. आणि शनिवारी मी नाचले. मनगटांवरचे ओरखडे झाकायला हातरुमाल बांधले होते. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते, गाल आत गेलेले, टाळ्या वाजवत. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या त्या सगळ्यात वाईट टाळ्या.

पहिल्यांदा भीतीनं सांगितलं नाही. मग कॉलेज, लग्न, नोकरी. दर वर्षी हंगाम आला की ठरवायची आणि दर वर्षी ते सांगणं आणखी जड झालेलं असायचं. अव्वा गेली तेव्हा वाटलं, आता निदान एकाचीच माफी मागायची उरली. असे विचार माणसाच्या मनात येतात, काय करणार. काहील अंगणात पालथीच राहिली. भावाची मुलं तिच्यावरून घसरगुंडी खेळली, तिच्यावर वाळवणं पडली, मांजरं विणली. माहेरी गेले की मी तिच्याकडं पाठ करून बसायची.

रसवंतीवरून घरी पोचले तर फोन वाजत होता. भावाची मुलगी स्नेहल. ही इंजिनियर झाली, दोन वर्षं नोकरी केली आणि गावाकडं परत आली. "आत्ती, आज्जा गुऱ्हाळाची शेड देत न्हाय," ती म्हणाली. "तू ये आणि सांग त्यास्नी."

प्रकरण असं होतं. स्नेहलला पाचट आणि चिपाडाचा लगदा करून त्याचे रोपांचे कप बनवायचे होते. आता उसाची कांडी लावण्याऐवजी रोपं लावतात, आणि ती रोपं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये वाढवतात. तुटके ट्रे मग बांधावर पडून राहतात. हिचा कप रोपासकट मातीत जाईल आणि तिथंच कुजेल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून तिनं साचा ओतून आणला होता. गावातल्या बायांचा गट तयार होता, बारा-पंधरा शेतकरी पाचट न जाळता द्यायला कबूल झाले होते. लगदा शिजवायला चुलवाण हवं होतं, आणि गावात शाबूत चुलवाण एकच उरलं होतं, आमचं. "उसाच्या तोडी सुरू झाल्यात आत्ती. आठ दिवस थांबलं तर लोक काडी लावत्यात. एकदा जाळलं की यंदाचं काम गेलंच, आणि पुढच्या साली माझ्यावर इश्वास कोण ठेवणार?"

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. स्नेहलनं घरच्या गॅसवर करून बघितलेले कप दाखवले. तपकिरी, ओबडधोबड, पण हातात धरल्यावर ओळखीचे वाटले. नाकाशी नेला. उन्हाचा वास. फक्त कडा झडत होत्या. "चिकटपणा कमी पडालाय," ती म्हणाली. "बाजारातला डिंक घातला तर कप मातीत कुजणार न्हाय, मग नेहमीचीच गत." मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "रानभेंडी अजून उगवते का ओढ्याकडं?" दुपारी आम्ही आत्या-भाचीनं भेंडी ठेचून पाण्यात चोळली. तार सुटली. त्या पाण्यात मळलेल्या लगद्याचा कप पूर्वीपेक्षा बराच घट्ट झाला. अगदी पक्का नव्हे, पण गणूमामांनी मान हलवली असती इतपत.

आप्पा पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कानाला कमी, डोळ्यांना ठीक. कप हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा बघितला. "हे शेवटाला कुठं जाणार?"

"मातीतच, आज्जा."

"मग चांगलं हाय. कर की."

"शेड?"

"शेड घे. चुलवाण पेटवायचं न्हाय. नेम हाय माझा."

स्नेहल माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटत होतं आत्ती मास्तरीण आहे, बोलण्यात पटवून देईल. तिला काय माहीत, तो नेम आत्तीनंच त्यांच्या गळ्यात घातला होता. त्या क्षणी मला माझीच इतकी चीड आली की सांगता सोय नाही. माझ्या गप्प बसण्यानं एक गुऱ्हाळ गेलं होतं, आता हिचं काम जाणार होतं, आणि मी भेंडीच्या पाण्यावर शाबासकी घेत होते.

आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात. साडेचारला सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून भाकरी खात होते. समोर अंगणात ती काहील. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि मोठ्यानं, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, सगळं सांगितलं. फावडं, निखारे, कोपऱ्यातल्या सऱ्या. असल्या गोष्टी कुजबुजत सांगायच्या असतात. मला त्या ओरडून सांगाव्या लागल्या. आत चहा करणारी भावजय दारात येऊन उभी राहिली.

आप्पांनी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "हात भाजलता काय तुझा?"

"न्हाय आप्पा."

"मग नाचताना हाताला फडकं का बांधलंतंस?"

एवढ्या वर्षांनी. पहिल्या रांगेतून तीन उपवास केलेल्या माणसानं ते बघितलं होतं आणि जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पाचटानं कापलंतं. ते दिसू नये म्हणून."

"एवढं कापत हुतं तर सांगायचं हुतंस की," आप्पा म्हणाले. "तुझ्या सऱ्या मी दाबलो असतो."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी, सोप्यात बसून पोरीसारखी रडले. आप्पांनी मला रडू दिलं, भाकरी संपवली, ताटात हात धुतला. मग म्हणाले, "धामण गेली ती गेलीच. निखारा कुणाचा का असंना, चुलवाण माझं हुतं. पण ते तीन उपास माझं नव्हतंच, शालन. तुझं हुतं. ते तू कर."

"शुगर हाय मला आप्पा."

"मग तीन एकासणी कर. एकदा जेवायचं. त्यानं काय हुईत न्हाय."

सकाळी माझ्या खांद्याला धरून ते बस्तीत गेले. आत किती तरी वेळ बसले होते. काय बोलले, काय मागितलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. परत येताना पाणंदीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "स्नेहलला सांग, धुराड्याला बारीक जाळी बशीव. चिपाडाची गंज चाळीस पावलं लांब पायजे, वाऱ्याच्या अंगाला न्हाय. आणि चार गडी बोलीव, काहील सुलटी कराय." जाळी, गंज, पावलं. सगळं तयार होतं. म्हणजे एवढी वर्षं त्यांच्या डोक्यात ते गुऱ्हाळ रोज चालू होतं आणि ठिणगी रोज अडवली जात होती.

काहील उचलली तेव्हा खालची माती गोल, ओलसर, पांढरट निघाली. तिथं कधी ऊन पडलंच नव्हतं. आतल्या बाजूला त्या करपल्या पाकाचा काळा थर तसाच होता. बायांनी दोन दिवस तो खरवडला. मी नखानं एक कपची काढून जिभेवर ठेवली. गोड काही राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, माझं तिसरं एकासणं होतं त्या सकाळी, काहील चुलवाणावर चढली. आत पाणी आणि कापलेलं पाचट. गटातल्या बाया, स्नेहल, भाऊ, बांधावर नेहमीसारखे चार बघे. स्नेहलच्या हातात काड्याची पेटी होती. आप्पा हातात मऊ केरसुणी घेऊन चुलवाणाच्या तोंडाशी वाकले आणि आतला कोपरा न् कोपरा हळू झाडून काढला. एक पाल निघाली, ती पळाली. मग कंबर धरून उभे राहिले.

"पेटी शालनकडं दे," ते म्हणाले. आणि माझ्याकडं न बघता, "या खेपेला इचारून लाव म्हंजे झालं."

सगळे हसले. मी हसले नाही. गुडघ्यावर बसले, काडी बाहेर काढली, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "आप्पा, लावू?"

"थांब," आप्पा म्हणाले. चुलवाणाच्या कडेनं मुंग्यांची एक ओळ चालली होती, तोंडात काहीबाही धरून, सावकाश. आम्ही सगळे उभे राहिलो. स्नेहलनं घड्याळाकडं बघितलं आणि परत खाली बघितलं. शेवटची मुंगी भिंतीवर चढेपर्यंत मी काडी तशीच धरून ठेवली.

मग आप्पा म्हणाले, "लाव."